गाण्यातून गेलेलं नाव

पेर्सिदा आमच्या गावात आली ती सत्तेचाळीस सालच्या मार्चात. तिमोक नदीला पूर येऊन गेलेला, रस्त्यात चिखल नुसता घोट्याच्या वर. बरोबर एक पत्र्याची पेटी, एक छत्री, आणि कोटाच्या खिशात दोन टोकांची लोखंडी काडी. ती काडी गुडघ्यावर आपटायची, दातांना लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. स्टेशनावरच्या गाडीवानानं सगळ्या बाजारात सांगून टाकलं, की संगीताच्या शाळेसाठी बेलग्रेडहून बाई पाठवलीय खरी, पण बिचारीची दाढ ठणकतेय. मागाहून कळलं, की ती स्वर धरायची काडी. पण तोवर नाव पडायचं ते पडलंच. पुढं पंधरा वर्षं म्हातारी माणसं तिला दातवाली बाईच म्हणत होती.

शाळा म्हणजे काय, तर पळून गेलेल्या एका व्यापाऱ्याचं घर. खाली धान्याचं कोठार, वर तीन खोल्या, आणि मधल्या खोलीत पियानो. लढाईत तिथं सैनिक उतरले होते, त्यांनी पियानोच्या पोटात मका भरून ठेवला होता. मक्यामागून उंदीर आले. पेर्सिदानं झाकण उघडलं तर आत उंदराची पिल्लं, गुलाबी गुलाबी, डोळेसुद्धा न उघडलेली. दुसरी असती तर किंचाळली असती. हिनं ती एकेक करून टोपीत घेतली आणि कोठारात नेऊन ठेवली. मग दाणे वेचायला बसली. तारांमधून मक्याचे दाणे काढायला तिला चार दिवस लागले.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. पेर्सिदाला एक मुलगी होती. नेदा नाव. नवरा बेचाळीस साली लढाईत गेला, तेव्हा ही पोटुशी होती. लढाईच्या आधी म्हणजे पेर्सिदा कोण? बेलग्रेडला शिकलेली, सभागृहात चार वादकांनी तिनं रचलेलं संगीत वाजवलं होतं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. बाईनं संगीत रचायचं म्हणजे त्या काळी लोकांना नवलच. पण लढाई आली आणि ते सगळं धुऊन गेलं. उरली मांडीवर नेदा. तळघरात राहायचे, ओल, धूर, पोरीला खोकला. खोकल्यातून झोप लागावी म्हणून पेर्सिदानं एक अंगाई रचली. सोपी, पाच स्वरांत फिरणारी.

नीज गं नेदा, नीज,
दारी नुसता बर्फ गं,
लांडगा नाही, शिपाई नाही,
दारी नुसता बर्फ गं.

चव्वेचाळीसच्या जानेवारीत ती पोरीला घेऊन दक्षिणेकडे निघाली, आत्याकडं. मालगाडीचा डबा, थंडी मरणाची. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली. चौदा महिन्यांची होती. गाडी एका छोट्या स्टेशनात थांबली तेव्हा शिपायांनी सांगितलं, मेलेलं माणूस गाडीत ठेवायचं नाही. स्टेशनमास्तरच्या बायकोनं पोरीला हातात घेतलं, म्हणाली, तू जा पोरी, मी नीट पुरते हिला, पाण्याच्या टाकीच्या मागं. गाडीनं शिट्टी दिली. पेर्सिदा गेली. लढाई संपल्यावर ती परत त्या जागी आली तर टाकी नाही, स्टेशन नाही, स्टेशनमास्तर नाही. बाँब पडून सगळी जमीन उलटीपालटी झालेली. कुठं शोधणार?

कबर नाही. फोटो होता तो घराबरोबर जळला. राहिलं काय, तर ते चार ओळींचं गाणं, आणि त्यात एक नाव.

गावात तिनं यातलं अक्षर कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटायचं, बिनलग्नाची आहे, पुस्तकं वाचून वाचून राहिली असेल.

पण शिकवणं काय होतं तिचं! डोंगरातली पोरं, पायात लोकरीचे मोजे, अंगाला मेंढरांचा वास, आईबापांनी कधी पियानो पाहिलेला नाही. स्वर लिहायला शिकवायचे तर कसे? हिनं एक युक्ती काढली. सात स्वर, प्रत्येक स्वराचं एक गाणं. गाणं त्या स्वरावरच सुरू व्हायचं. पहिल्या स्वराचं गाणं बकरीचं, दुसऱ्याचं गिरणीचं, तिसऱ्याचं आंधळ्या घोड्याचं. पोरगं फळ्यावरचा ठिपका बघायचं, मनात घोड्याचं गाणं सुरू करायचं आणि स्वर बरोबर लागायचा. गाणी सगळी तिनंच रचलेली. सहाच. सातव्या स्वराला ती म्हणायची, थांबा, त्याचं गाणं अजून व्हायचंय.

शाळा झाडायला, शेगड्या पेटवायला स्तामेना होती. लोझोवात्झ म्हणून वर डोंगरात गाव आहे, तिथली विधवा. पन्नाशीची, अंगानं म्हशीसारखी, तोंडानं त्याहून भारी. पोरं यायच्या आधी दोघी शेगडीपाशी बसून कॉफी घ्यायच्या. स्तामेना कॉफी संपली की कप उपडा करायची आणि गाळात बघून भविष्य सांगायची. पेर्सिदाच्या कपात तिला दर वेळी नवरा दिसायचा. कधी जाडा, कधी टकला.

"आज कोण आहे, मावशी?"

"आज लंगडा दिसतोय, बाई. पण दात चांगले आहेत हो. तुम्हाला उपयोगी पडतील."

पन्नास साली सरकारनं शाळांसाठी गाण्यांचं नवं पुस्तक काढायचं ठरवलं. पेर्सिदानं आपली सहा गाणी बेलग्रेडला समितीकडं पाठवली. दोन महिन्यांनी परत आली. वर लाल शाईत शेरा, की बाईंची रचना चांगली आहे, पण ही एका माणसाची गाणी आहेत. पोरांना जनतेची गाणी पाहिजेत. खेड्यातल्या माणसाकडून ऐकलेली, आणि खाली त्या माणसाचं नाव, वय, गाव.

पेर्सिदा ते कागद घेऊन जिन्यात उभी होती. खाली स्तामेना गुडघ्यांवर बसून पायऱ्या घासत होती, आणि घासता घासता आंधळ्या घोड्याचं गाणं म्हणत होती. आपल्या डोंगरी ढंगात, ओळीच्या शेवटी गळा सोडून.

पेर्सिदानं विचारलं, हे कुठून शिकलात?

"कुठून म्हणजे? भिंतीतून. तीन वर्षं झाली ऐकतेय. दगडालासुद्धा पाठ झालं असतं."

पेर्सिदा ओल्या पायरीवरच बसली. स्तामेना ओरडली, बाई, साबण आहे, पण ही बसूनच राहिली. तिला वाटलं, यात खोटं ते काय? गाणं स्तामेनाच्या तोंडून ऐकलं आहेच की. तसं लिहायचं. त्या दिवसांत असं खूप जणांनी केलं म्हणतात. स्वतःची गाणी कुणा खेडुताच्या नावावर लावायची आणि समितीपुढून पार करायची. आमच्याकडं खेड्यातली म्हातारी म्हणाली म्हणजे ते खरं, शिकलेलीनं लिहिलं तर शंका.

तिनं सहाही गाण्यांखाली लिहिलं: लोकगीत, ऐकलं स्तामेना योवांकिचकडून, वय ५३, लोझोवात्झ. पण समितीला सात पाहिजे होती, सात स्वरांची. पेर्सिदा चार दिवस बसली, काही सुचेना. पाचव्या दिवशी तिनं अंगाई लिहून काढली. कुणापुढं कधी म्हटली नव्हती ती. ती स्तामेनाला शिकवावी लागली, नाहीतर खाली तिचं नाव कसं लिहिणार? शेगडीपाशी बसून चार ओळी सांगितल्या. स्तामेनानं म्हटल्या. मग विचारलं, ही नेदा कोण?

पेर्सिदानं सांगितलं. मालगाडी, टाकी, सगळं.

स्तामेना एरवी कशालाही बोलायला कमी करायची नाही. त्या दिवशी मात्र तिनं छातीवर बोटांनी क्रूस काढला, फडकं पिळलं आणि खिडकी पुसायला लागली, ती आदल्याच दिवशी पुसलेली. पण त्यानंतर दोघीच असल्या की ती हिला बाई म्हणायची बंद झाली. पोरी म्हणायला लागली.

"गाण्याखाली माझं नाव चालेल तुला, पोरी? तुझं जातंय."

पेर्सिदा म्हणाली, "माझं जाऊ दे, मावशी. हिचं राहतंय ना."

म्हणजे हिशेब तिनं मनात करूनच टाकला होता. आपलं नाव गेलं तर गेलं, पण देशातल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात, पोरं नेदा म्हणतील. जिला दगड नाही, तिला हजारो पोरांची तोंडं.

पुस्तक आलं. सातवं गाणं एक्केचाळिसाव्या पानावर. पेर्सिदा ते पान उघडून बसायची आणि बंद करायची. बुधवारी दुपारी प्राथमिक शाळेत गाण्याचा तास असायचा, तेव्हा हिला नेमकं त्या रस्त्यानं काहीतरी काम निघायचं. खिडकीखाली उभी राहायची. आतून चाळीस पोरं बेसूर ओरडायची, नीज गं नेदा, नीज. एकदा तिथल्या मास्तरांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, काय हो बाई, फार बेसूर होतंय का? ती म्हणाली, नाही नाही, छान आहे, असंच म्हणू द्या.

पाच वर्षं अशी गेली. तिच्या आयुष्यात तेवढीच सुखाची, असं मला वाटतं.

छप्पन साली बेलग्रेडहून एक माणूस आला. तिहोमिर. लोकगीतं गोळा करणाऱ्या संस्थेतला, तिशीचा, बारका, मोठ्या चष्म्याचा, बरोबर सुटकेसएवढा टेपरेकॉर्डर. त्यानं पुस्तक वाचलं होतं. त्याला ती सात गाणी मूळ माणसाच्या तोंडून, मूळ गावात, मूळ घरात पाहिजे होती. शाळेत नको म्हणाला, शाळेत माणूस खोटं गातो.

पेर्सिदानं धावत जाऊन स्तामेनाला सांगितलं. पण स्तामेना हसली. म्हणाली, येऊ दे की लेकराला, वर आलं तर चार घास तरी खाईल, हाडं बघ कशी मोजून घ्यावीत. दोघींचं ठरलं, की स्तामेना सातही म्हणेल आणि विचारलं तर सांगेल, आईकडून ऐकली.

लोझोवात्झला बैलगाडीनं गेले. स्तामेनाच्या घरात एकच मोठी खोली. रीतीप्रमाणं पाहुण्याला आधी चमचाभर मुरंबा आणि पाणी, मग कॉफी, मग राकिया, म्हणजे घरची फळांची दारू. सूनबाई लाजून कोपऱ्यात. खिडकीपाशी पाळणा, त्यात स्तामेनाची दोन महिन्यांची नात. तिहोमिरनं यंत्र टेबलावर मांडलं. स्तामेना यंत्राभोवती फिरली.

"हे काय खातं?"

तिहोमिर म्हणाला, बॅटरी खातं, आजी.

"मग तुझ्यापेक्षा बरं खातं."

तो हसला, सूनबाई हसली, पेर्सिदाला पण हसू आलं. सहा गाणी झाली. काय म्हटली स्तामेनानं! पेर्सिदानं रचली होती पाण्यासारखी सरळ, आणि ही त्यांना डोंगराची वळणं देत होती. पेर्सिदा ऐकतच राहिली. तिला वाटलं, आपण लिहिली त्यापेक्षा ही बरी आहेत. थोडं दुखलं, पण चांगलंही वाटलं.

मग सातवं. स्तामेनानं तोंड उघडलं आणि पाळण्यात पोर कुरकुरली. स्तामेना तशीच थांबली. पाळण्याकडं बघितलं, पेर्सिदाकडं बघितलं. मग पाळणा पायानं हलवत तिनं म्हटलं:

नीज गं राणी, नीज,
दारी नुसता बर्फ गं.

पेर्सिदानं खुर्चीची कड धरली. टेप फिरत होती. तिहोमिरनं पुस्तकात बघितलं, भुवया वर केल्या, पेन्सिलनं काहीतरी खूण केली. गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, आजी, पुस्तकात इथं नेदा आहे, तुम्ही राणी म्हणालात.

स्तामेना म्हणाली, "राणीच आहे. बाईंनी ऐकताना काहीतरी घोटाळा केला असेल."

तिहोमिरनं पेर्सिदाकडं बघितलं. ती काय बोलणार? नेदा खरी म्हणायचं, तर मग कुठून आली, कुणाची, सगळंच बाहेर येणार. सातही गाणी जाणार, शाळा जाणार, स्तामेनाला खोटी साक्ष दिली म्हणून आणखी काही. ती म्हणाली, हो, माझी ऐकण्यात चूक झाली असेल. एवढंच.

परतताना तिहोमिर पुढच्या बाजूला, गाडीवानाशी बोलत. स्तामेना गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला आली होती. पेर्सिदा गाडीतून उतरली, तिला बाजूला घेतलं.

"का केलंत, मावशी?"

"पाळण्यात माझी नात होती."

"मग?"

"मग काय, पोरी? मेलेल्या लेकराचं नाव जित्या पाळण्यावर घेत नाहीत. आमच्याकडं कुणी घेणार नाही. ते लेकरू येतं, जागा मागतं."

"पाच वर्षं देशभर घेतायत."

"त्यांना ठाऊक नाही म्हणून घेतायत. मला ठाऊक आहे." मग म्हणाली, "आणि तिचा विचार केलास का? रोज चाळीस पोरं हाक मारतात. कधी झोपायचं तिनं?"

पेर्सिदानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि गाडीत जाऊन बसली.

दोन वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. एक्केचाळिसावं पान तेच. खाली बारीक अक्षरात, मूळ गायिकेच्या ध्वनिमुद्रणावरून दुरुस्त. नेदा नव्हती.

त्या दिवसापासून सकाळची कॉफी बंद झाली. भांडण नाही, अबोला म्हणावा तर तोही नाही. कामापुरतं बोलायच्या. स्तामेना शेगडी पेटवून खाली कोठारात जाऊन बसायची, पेर्सिदा वर. एकदा स्तामेनानं दोन कप मांडलेले पेर्सिदानं बघितले आणि दार लोटून घेतलं. मला विचारशील तर तेवढं तिनं करायला नको होतं. त्या म्हातारीनं वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. पण आईचं मन, त्याला कुणी काय सांगावं.

आणि स्तामेना मोठी झाली. टेप रेडिओवर लागली, मग तिला बेलग्रेडला बोलावलं, मग झाग्रेबला. घागरा, कमरेला विणलेला पट्टा, डोक्याला रुमाल. स्टेजवर उभी राहून ती गायची आणि खाली कोट घातलेली माणसं रडायची. तिला चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं, ते तिनं देवाच्या तसबिरीशेजारी लावलं. शाळेचं झाडणं सुटलं. नवीन बाई आली झाडायला, ती गायची नाही.

पेर्सिदा शिकवत राहिली. एका वर्षी तिनं मोठ्या वाद्यवृंदासाठी काहीतरी रचलं, तीन हिवाळे घेतले, पाठवलं. पोच आली, उत्तर नाही. ते पेटीत गेलं. एक मेच्या मिरवणुकीला पोरांची पथकं बसवायची, नव्या गिरणीच्या उद्घाटनाला गाणी, शहराच्या स्पर्धेत तिच्या पोरांना दोनदा पहिला नंबर. लोक मान द्यायचे. चांगली बाई, कडक पण चांगली, थोडी सुकी.

वर्गात ती अंगाई शिकवताना नेदाच म्हणायची. पण पोरं आता रेडिओ ऐकून यायची. एकसष्ट की बासष्ट साली पहिल्या बाकावरची एक मुलगी हात वर करून उभी राहिली, म्हणाली, बाई, चुकलं. राणी आहे ते. सगळा वर्ग हसला, बाईंना साधी अंगाई येत नाही म्हणून. पेर्सिदा म्हणाली, बस खाली, बरोबर आहे तुझं. त्यानंतर तिनं सातव्या स्वराला दुसरं गाणं शिकवायला घेतलं, कुणाचंतरी, साधं.

पंच्याहत्तर साली ती निवृत्त झाली. निरोपाला लोकांनी फुलं दिली, घड्याळ दिलं. घरी येऊन बसली तर हाताला काम नाही. दोन महिने असं काढलं, आणि मग तिनं पत्र लिहिलं. बेलग्रेडच्या संस्थेला. त्यात सगळं खरं लिहिलं. ही सात गाणी माझी आहेत, सहा तुम्ही ठेवा, जनतेची म्हणा, मला नको. सातव्यात माझ्या मुलीचं नाव होतं, ते तेवढं परत घाला.

उत्तर घेऊन तिहोमिर स्वतःच आला. आता संस्थेचा मोठा माणूस, टक्कल पडलेलं, मोटार. वाईट माणूस नव्हता तो. तिच्या स्वयंपाकघरात बसला, मुरंबा खाल्ला, पाणी प्यायला. म्हणाला, बाई, ही अंगाई मला तेहेतीस गावांत मिळाली. मोरावा नदीच्या काठी मिळाली, वर उत्तरेला बनात प्रांतातही. प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी. तेहेतीस आज्या मला सांगतात, आईकडून ऐकली.

पेर्सिदा म्हणाली, "त्यांनी रेडिओवर ऐकली."

"असं कसं म्हणता येईल? गाणं मोठं झालं की त्याला आई म्हणून पुष्कळ जणी पुढं येतात, बाई. तुम्ही पहिल्या नाही."

ते तिला लागलं. तोंड पांढरंफटक पडलं. तिहोमिरनं पिशवीतून एक कागद काढला, टेबलावर ठेवला. पन्नास सालचा, पेर्सिदाच्याच अक्षरातला. लोकगीत, ऐकलं स्तामेना योवांकिचकडून. खाली तिची सही. तिहोमिर म्हणाला, एक तर तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, नाहीतर आता. कुठलं, ते मला ठरवता येत नाही. पण स्तामेनाआजी आहेत अजून. त्यांनी सांगितलं की गाणं तुमचं, तर मी पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतो. शब्द देतो.

दोघं मोटारीनं लोझोवात्झला गेले. स्तामेना ऐंशीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली. म्हशीसारखी बाई, तिची चिमणी झालेली. तीच खोली. पाळण्यातली नात आता वीस वर्षांची, तिनंच मुरंबा आणला. भिंतीवर देव, शेजारी प्रशस्तिपत्र.

पेर्सिदा पलंगाशी बसली. कोणी बोलायच्या आधी स्तामेनानं तिचा हात धरला.

"पोरी. किती वर्षांनी. कॉफी ठेवायला सांगू?"

"मावशी, ओळखलंत ना?"

"दातवाली बाई. तुला कोण विसरेल?" आणि हसली. पेर्सिदाला वाटलं, देवा, हिचं डोकं शाबूत आहे. तिचा जीव भांड्यात पडला.

तिहोमिरनं नीट समजावून, हळू आवाजात विचारलं. आजी, ती अंगाई, बर्फाची. ती तुम्ही कुणाकडून शिकलात? खरं सांगा, कुणाला काही होणार नाही.

स्तामेनानं डोळे मिटले. पेर्सिदानं तिचा हात घट्ट धरला.

"आईकडून," स्तामेना म्हणाली.

"नक्की, आजी?"

"अरे, मला दिसतंय ना. आई खाली बसलीय, भिंतीला टेकून, पाळण्याला दोरी आहे, ती पायाच्या अंगठ्याला बांधलीय. माझा धाकटा भाऊ आहे पाळण्यात. बाहेर बर्फ. आई म्हणतेय, नीज रे राजा." आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. "आता आईचा चेहरा आठवत नाही, लेकरा. नुसतं गाणं तेवढं आहे."

पेर्सिदा तिच्या तोंडाकडं बघत होती. खोटं शोधत होती. वीस वर्षं गाऊन गाऊन, पाहुण्यांना सांगून सांगून, ते म्हातारीच्या आत जाऊन बसलं होतं. तिथं आता खोटं काहीच नव्हतं. पेर्सिदानं बोट लावलं असतं, सांगितलं असतं की मावशी, शेगडीपाशी मी शिकवलं, तर कदाचित आठवलं असतंही. पण मग ती आई, भिंत, अंगठ्याची दोरी, ते सगळं कुठं गेलं असतं?

तिहोमिर तिच्याकडं बघत थांबला होता. पेर्सिदानं मान हलवली. म्हणाली, चला. स्तामेनाच्या कपाळावर ओठ टेकले. म्हातारी म्हणाली, परत ये गं, कपात बघायचंय तुझ्या. पेर्सिदा हो म्हणाली. त्याच हिवाळ्यात स्तामेना गेली. पेपरात आलं, रेडिओवर आलं, आणि अंगाई लावली.

पुढच्या पितरांच्या शनिवारी, म्हणजे नोव्हेंबरात, पेर्सिदा चर्चमध्ये आली. शाळेत असताना तिला जाता येत नव्हतं, सरकारी शिक्षिकेनं चर्चला जायचं नाही अशी ती वर्षं. आणि खरं सांगायचं तर तिला जायचंही नव्हतं. तिथं मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून द्यायची, पाद्री ती वाचतात. गाण्यात नेदा नुसती निजवलेली होती. चिठ्ठीत लिहिलं म्हणजे ती मेलेली. इतकी वर्षं हिनं ते लिहिलं नव्हतं.

आता तिनं वहीचा कागद फाडला, चौकोनी केला, वर एक नाव लिहिलं. नवऱ्याचं पण लिहायचं होतं, पण कागदावर एकच लिहून झालं. बायका दहा-दहा, पंधरा-पंधरा नावांच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या होत्या, हातात उकडलेल्या गव्हाच्या परड्या, वर साखर, मधोमध मेणबत्ती. पाद्रीपुढं चिठ्ठ्यांचा ढीग झाला. थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती, म्हातारे पाद्री एका दमात वाचत होते, एकाच सुरात, नाव संपायच्या आत दुसरं नाव. मिलुन्का, स्तोयादिन, क्रस्टीना, स्वेतोझार. स्तामेनाचंही आलं, नातीनं दिलं असेल.

पेर्सिदा खांबाला टेकून ऐकत होती. नेदा आलं. तिनं हात उचलला, क्रूस काढला. थोड्या वेळानं पुन्हा नेदा आलं. मग अगदी शेवटी शेवटी आणखी एकदा. आमच्याकडं त्या नावाच्या बऱ्याच होत्या. तिन्हीतली आपली कुठली, ते तिला कळायला मार्ग नव्हता. तिनं तिन्हींसाठी क्रूस काढला.

बाहेर आल्यावर रीतीप्रमाणं एका बाईनं आपल्या परडीतला गहू चमच्यानं तिच्या हातावर घातला आणि विचारलं, बाई, तुमचं कोण? ती बाई तिचीच जुनी विद्यार्थिनी, आता केस पिकलेली.

पेर्सिदा म्हणाली, "मुलगी."

 तीस वर्षं गावात राहून कुणाला माहीत नव्हतं. त्या बाईनं आणखी एक चमचा गहू घातला, आणि दोघी तिथंच उभ्या राहून खात राहिल्या.